रोजची डोकेदुखी आणि नैराश्यावरील गोळी

डोके दुखणे हा घरोघरचा विषय आहे. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजनाचा धंदा सुरू केला, आणि तेव्हापासून बामाची बाटली आपल्या कोनाड्यातून काही हललेली नाही. उन्हातून आल्यावर, जागरण झाल्यावर वा उपास घडल्यावर डोके दुखते, कपाळाला बाम चोळला व घटकाभर डोळे मिटले की ते राहते. त्याविषयी लेख लिहिण्याचे कारण नाही. परंतु जे डोके आज दुखते, उद्या दुखते, आणि महिन्याचे निम्मे दिवस दुखतच राहते, त्याची गोष्ट निराळी. त्यावर डॉक्टर एक अशी गोळी देतात की तिचे नाव कळताच घरात वादळ उठते. त्या गोळीसंबंधी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

प्रथम दुखणे ओळखू या. या डोकेदुखीत ठणका नसतो, दाब असतो. कपाळाभोवती कोणी पट्टा आवळून बांधावा तसे दोन्ही बाजूंना वाटते. मान व खांदे दाबल्यास दुखतात. वांती सहसा होत नाही, जिना चढल्याने दुखणे वाढत नाही, माणूस कामही करू शकतो, मात्र रडतखडत. हिला ताणाची डोकेदुखी म्हणतात. महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, म्हणजे ती जुनाट झाली असे समजतात. बंगळूरच्या निम्हॅन्स संस्थेतील संशोधकांनी इतरांच्या साह्याने कर्नाटकात घरोघर जाऊन सुमारे २,३०० प्रौढांची पाहणी केली व ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभरांपैकी सुमारे पस्तीस जणांना वर्षभरात ताणाची डोकेदुखी झालेली आढळली, आणि कोणत्या ना कोणत्या प्रकाराने महिन्याचे निम्मे दिवस डोके दुखणारे शंभरांत तीन निघाले. याच प्रमाणाने अवधपुरीतील हजार प्रौढांच्या वस्तीत असे तीस जण असावयाचे. भेलच्या पाळ्या करणारे, दिवसभर संगणकापुढे मान वाकवून बसणारे, घर आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या भगिनी, आणि आम्ही शिक्षक मंडळी, यांपैकी कोणीही त्यांत असेल.

असा मनुष्य प्रथम काय करतो? नाक्यावरच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणतो. आठवड्यातून एकदा घेतली तर ती उपयोगाची आहे. परंतु साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, किंवा दोन-तीन औषधांच्या मिश्रणाची गोळी दहा वा अधिक दिवस, असे महिनोन्‌महिने चालले, की गोळीच डोकेदुखी उत्पन्न करू लागते. सकाळी उठताच डोके गोळी मागते. रोग आणि औषध यांचा असा संसार थाटला, की तो मोडणे कठीण. म्हणून या दुखण्यात दुखल्यावर घ्यावयाचे औषध कमी करून, दुखूच नये म्हणून घ्यावयाचे औषध सुरू करावे लागते.

त्या औषधांत पहिला मान ॲमिट्रिप्टिलीनचा. घरातील शिकलेला मुलगा मोबाईलवर त्याचा उपयोग पाहतो आणि मोठ्याने वाचतो: नैराश्यावरील औषध. आई म्हणते, "म्हणजे मी डोक्याचे सोंग करते, असेच ना डॉक्टरांना वाटते?" सासूबाई विचारतात की, मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, अशी गोळी घरात आहे हे बाहेर कळले तर कसे व्हावयाचे? गोळ्या कचऱ्यात जातात आणि नाक्यावरचे दुकान पुन्हा सुरू होते. वास्तविक डॉक्टरांनीच गोळी लिहिताना दोन मिनिटे काढून हे समजावून द्यावयास हवे. पुष्कळदा ते होत नाही.

औषधाला मिळालेले नाव हे त्याचे प्रथम कोठे उपयोगी पडले त्यावरून पडते. तेवढेच त्याचे काम असते असे नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड देत असता ते रोगी उल्हसित होऊ लागले, आणि क्षयाचे औषध नैराश्याचे झाले. पुढे स्वित्झर्लंडचे डॉक्टर रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा गुण ओळखला व १९५७ साली तो प्रसिद्ध केला. तेच इमिप्रामीन अंथरूण ओले करणाऱ्या मुलांनाही देत आले आहेत; त्या मुलांना कोणी वेडे म्हटले नाही. ॲमिट्रिप्टिलीन हे त्याच्याच कुळातले. १९६४ साली सिडनीचे जेम्स लान्स आणि त्यांचे सहकारी करन यांनी जुनाट ताणाच्या डोकेदुखीवर त्याचा उपयोग होतो असे 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले. म्हणजे हा उपाय साठ वर्षांचा जुना आहे.

मग कोणी म्हणेल की, त्या रोग्यांना आतून नैराश्यच असेल आणि ते गेले म्हणून डोके राहिले. ही शंका रास्त आहे. डेन्मार्कमधील बेंडसेन व सहकाऱ्यांनी तिचे उत्तर १९९६ साली दिले. त्यांनी नैराश्य नसलेलेच चाळीस रोगी घेतले. ॲमिट्रिप्टिलीनने त्यांची डोकेदुखी निर्जीव गोळीच्या तुलनेत सुमारे तीस टक्क्यांनी उतरली. सिटॅलोप्रॅम हेही नैराश्यावरचेच, नव्या पिढीचे औषध. त्याने मात्र म्हणण्यासारखा गुण आला नाही. तेव्हा गुण आहे तो मन प्रसन्न करण्याचा नव्हे, वेदना आवरण्याचा. रोज वेदनेचे निरोप येत राहिल्याने मज्जासंस्था हळवी होते व मानेच्या साध्या ताणाचीही वर्दी मोठ्याने देऊ लागते. मेंदूकडून खाली येणाऱ्या ज्या वाटा ही वर्दी दाबतात, त्यांना हे औषध बळ देते, असे मानतात.

आता खरे तेही सांगितले पाहिजे. ही जादूची कांडी नव्हे. अमेरिकेतील ओहायो राज्यात २०३ प्रौढांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. डोकेदुखी निम्म्याने वा अधिक उतरली असे लोक या कुळातील औषधाने शंभरांत ३८, ताण हाताळण्याच्या शिक्षणाने ३५, निर्जीव गोळीने २९, आणि औषध व शिक्षण दोन्ही मिळून ६४ होते. माझ्या मते या विषयातील सर्वांत बोलका आकडा हा शेवटचा आहे. गोळी घेऊन खांदे तसेच आखडून बसणाऱ्याने अर्धाच उपाय केला. अंग सैल सोडण्याचा सराव, वेळेवर झोप, मानेचे व्यायाम यांना पैसे पडत नाहीत. म्हणूनच बहुधा त्यांची किंमत वाटत नाही.

ही गोळी रात्री झोपण्यापूर्वी घेतात. आरंभ १० मि.ग्रॅ. इतका थोडा, मग हळूहळू वाढवीत बहुतेकांस ३० ते ७५. नैराश्यात याहून अधिक लागते. रात्रीची एकच मात्रा असल्याने रोजा किंवा एकादशी करणाऱ्यालाही सहसा अडचण नसते. मात्र तोंडाला कोरड पडते ती उपासात अधिक जाणवेल. सुस्ती, बद्धकोष्ठ, वजन वाढणे हेही होते. सकाळची सुस्ती उतरेपर्यंत स्कूटर सांभाळूनच चालवावी. रात्रपाळीवाल्याने गोळी केव्हा घ्यावी हे डॉक्टरांनाच विचारावे. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, हृदयाच्या ठोक्यांचा दोष, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, गरोदरपण, चालू असलेली इतर औषधे, यांतले काहीही असल्यास ते आधी सांगावे. वृद्धांत फार जपून. तरुण मुलामुलींत आरंभी जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात काय यावर घरच्यांनी लक्ष ठेवावे. आणि एकदम पुष्कळ गोळ्या पोटात गेल्या तर हृदय बंद पडू शकते. डबा लहान मुलांच्या हाती लागणार नाही असाच ठेवावा.

आपल्या देशात हीच गोळी क्लोरडायझेपॉक्साइडबरोबर मिसळूनही मिळते. त्या दुसऱ्या औषधाची सवय लागते. तेव्हा पाकिटावरील नाव पूर्ण वाचून, दोन नावे दिसल्यास डॉक्टरांना कारण विचारावे. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्या पट्टीतल्या गोळ्या घेणे तर सर्वथा टाळावे.

डोके विजेसारखे एकदम फुटल्यागत दुखले, पन्नाशीनंतर प्रथमच दुखू लागले, ताप येऊन मान ताठ झाली, हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले, दिसेनासे झाले किंवा मार लागल्यानंतर दुखू लागले, तर ही ताणाची डोकेदुखी धरून बसू नये. तात्काळ रुग्णालय गाठावे. साकेतनगरचे एम्स आपल्यापासून फार दूर नाही.

गुण आठवड्याभरात मोजू नये. योग्य मात्रेवर दीड-दोन महिने तरी द्यावे लागतात. गुण आल्यास सहा महिने ते वर्षभर चालवून डॉक्टर ती हळूहळू उतरवितात. मनाने एकाएकी बंद केल्यास मळमळ, निद्रानाश व बेचैनी होते. गुण आला की नाही हे आठवणीवर सोपवू नये. वर्गाचा हजेरीपट असतो तसा डोकेदुखीचा ठेवावा. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी त्या दिवशी डोके दुखले असल्यास एक फुली, वेदनाशामक गोळी घेतली असल्यास दुसरी. पुढच्या भेटीस जाताना तेवढी पाने डॉक्टरांपुढे ठेवावीत.