उजेड आत, ऊन बाहेर

मागच्या उन्हाळ्यात एक तरुण आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आला. आईचे वय पासष्टच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू. चक्कर, मळमळ, अंग तापलेले. शेतात गेल्या होत्या का, असे विचारले, तर नाही. दिवसभर घरातच होत्या. "साहेब, घर तर झकास बांधलं, पण दुपारी आईला त्या खोलीत कसंतरीच होतंय," असे म्हणून त्याने मोबाईलवर खोलीचा फोटो दाखवला. पांढऱ्याशुभ्र भिंती, फिक्या लाकडाचे उंच पायांचे टेबल, बसायला एक बाक, कोपऱ्यात एक कुंडी. पडदा नाही. आणि एका बाजूला भिंतभर काच. स्वीडनमधल्या घरांची चित्रे पाहून त्याने ही मांडणी केली होती. काचेची बाजू मात्र पश्चिमेला होती आणि वर उघडा स्लॅब तापत होता. गेवराईच्या मे महिन्यात ती खोली म्हणजे भट्टीच झाली होती.

बाई सलाईन आणि विश्रांतीने बऱ्या झाल्या. पण फोटो माझ्या डोक्यात राहिला. आयकिया या स्वीडिश कंपनीचे दुकान २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईत उघडले, आणि 'स्कँडिनेव्हियन' हा शब्द आता तालुक्याच्या गावातल्या फर्निचरवाल्याच्या तोंडीही ऐकू येतो. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि शेजारचा फिनलंड या देशांतली ही पद्धत. घर सजवणे हा डॉक्टरचा विषय नव्हे, असे वाचक म्हणतील. पण या पद्धतीचे मूळच थोडे दवाखान्यात आहे, म्हणून हा लेख.

स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रोम्सो गावात तर सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. अशा ठिकाणी मिळेल तेवढा उजेड घरात घ्यायचा आणि तो वाया जाऊ द्यायचा नाही. पांढरी भिंत उजेड परतवते, फिके लाकूड तो शोषून घेत नाही, मोठी काच सूर्याला आत बोलावते. त्यातच क्षयरोगाची भीती. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, पण त्यावर औषध मिळायला पुढे साठ वर्षे लागली. तोवर उपाय एकच : हवा, ऊन आणि विश्रांती. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन या डॉक्टरांनी क्षयाच्या जंतूमुळे चेहऱ्याच्या कातडीवर होणारा ल्युपस हा रोग प्रखर प्रकाशाने बरा करून दाखवला. १९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले.

फिनलंडमध्ये पायमिओ येथे १९३३ मध्ये क्षयरोग्यांचे रुग्णालय उभे राहिले. अल्वार आल्टो हे त्याचे वास्तुरचनाकार. रोगी दिवसभर उताणा पडून राहतो, म्हणून छताला डोळ्यांत न खुपणारा हिरवा रंग. हात धुताना पाण्याचा आवाज होऊन शेजारचा रोगी जागा होऊ नये, म्हणून बेसिनचा उतार विशिष्ट ठेवलेला. श्वास घ्यायला सोपे जावे अशा बेताने पाठीला कललेली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. आज ती खुर्ची श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभेला असते! आपल्याकडेही पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळची वानलेसवाडी ही क्षयरोग्यांची ठिकाणे हवा आणि उजेड पाहूनच वसली.

आता आपल्याकडे या. आपला भाग सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर. थंडीतही अकरा तासांचा दिवस. आपल्याला उन्हाचा तोटा नाही, उलट उन्हापासून जीव वाचवायचा आहे. पण गंमत अशी की भर उन्हाच्या मुलखात आपली घरे मात्र अंधारी. माळवदाच्या जुन्या घरांत भिंती दोन-दोन हात जाड, खिडकी नावाला, उजेड यायचा तो छताच्या सवण्यातून. घर गार असे यात शंका नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले आणि हजारो बळी गेले. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. त्यानंतर लोक पत्र्याकडे आणि स्लॅबकडे वळले. भिंत पातळ झाली, उन्हाळा घरात आला आणि खिडकी पुष्कळदा लहानच राहिली.

अंधाराचे सगळ्यात मोठे नुकसान मी पाहतो ते बाळंतिणीच्या खोलीत. वारा लागेल म्हणून खिडकीला गोणपाट, दाराला चादर, आणि बाजेखाली शेगडी. त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. दुसरी गोष्ट काविळीची. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळे थोडी पिवळी दिसतात आणि आपोआप सुधारतात. पण काही बाळांची कावीळ वाढत जाते, वेळेवर उपचार न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होते, मूल बहिरे किंवा अपंग होते. हा पिवळेपणा ओळखायचा कसा? दिवसाच्या उजेडात. बाळाला खिडकीजवळ आणा, पिवळे दुपटे काढा, छातीवर बोट हलके दाबून सोडा आणि दाबलेली जागा पाहा. पिवळ्या बल्बखाली आणि काळपट भिंतींत हे अनुभवी आजीलाही दिसत नाही. बाळ पहिल्याच दिवशी पिवळे दिसले, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा ते सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरीच उन्हात ठेवून वाट पाहू नका.

नॉर्वे-स्वीडनमध्ये तान्ह्या बाळांना कडाक्याच्या थंडीत नीट गुंडाळून घराबाहेर गाडीत झोपवतात. आपण तसे करावे असे मी म्हणत नाही. पण चाळीस अंशांच्या गावात वाऱ्याची एवढी भीती कशाला? वाऱ्याची झुळूक थेट अंगावर येऊ नये एवढे पाहिले की पुरे. ज्या घरी बाळंतपण व्हायचे आहे, त्यांनी त्या खोलीला आधी चुन्याची सफेदी करून घ्यावी. नीळ किंचित घालावी, फार नको.

सफेदीवरून आठवले. चुना पाण्यात विरघळवताना तो उसळतो. मुले जवळ नकोत, करणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवा. डोळ्यांत चुना गेलाच तर एक क्षण न दवडता स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान वीस मिनिटे डोळा धुवा, पापणी उलटून चुन्याचे खडे काढा, मग दवाखान्यात जा. तंबाखूच्या चुन्याच्या पुड्या आणि ट्यूब मुलांच्या हाती लागून डोळे गेल्याची उदाहरणे देशभर आहेत. जुना ऑइलपेंट खरवडत असाल तर भिंत ओली करून खरवडा. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. घरगुती रंगात शिसे दहा लाखांत नव्वद भागांहून जास्त नसावे, असा नियम भारतात २०१७ पासून लागू आहे, म्हणून नवा डबा घेताना तेवढे वाचून घ्यावे.

खरा पांढरा रंग आपल्याला हवा तो वर, गच्चीवर. स्लॅबला चुन्याचे दोन हात उन्हाळ्यापूर्वी दिले की खालची खोली काही अंशांनी गार राहते. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे पांढरा रंग लावावा. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांतही छपरे पांढरी करण्याचा उपाय घेतला गेला. खर्च फार नाही. खिडकी उत्तरेला मोठी ठेवा, तिथून बहुतेक वर्षभर मऊ उजेड येतो. पश्चिमेला काच नकोच. असली तर ऊन काचेच्या बाहेर अडवा. आतून जाड पडदा लावला तर ऊन काच ओलांडून आत येऊन चुकलेले असते. आणखी एक : काचेतून आलेल्या उन्हाने शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यासाठी अंगणातच बसायला हवे.

दुसरी घेण्याजोगी गोष्ट म्हणजे मोकळी जमीन आणि उंच पायांचे सामान. आपल्याकडे दिवाण म्हटला की त्याच्या पोटात पेटारा, पेटाऱ्यात जुन्या गोधड्या आणि तीन पिढ्यांची भांडी. वर्षातून एकदा, दिवाळीला, त्यातला अंधार हलतो. झुरळे, उंदीर आणि विंचू यांना याहून चांगले घर कोणते? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला, त्यामुळे कितीतरी जीव वाचले. पण विंचू चावूच नये म्हणून पलंगाखाली झाडू फिरला पाहिजे. गोधड्या पंधरा दिवसांनी कडक उन्हात टाका. दम्याच्या रोग्याच्या खोलीत गालिचा नको, सतरंजी धुता येते तेवढी बरी. प्लायवूडचे नवे कपाट आणले की पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा. त्याचा डोळे चुरचुरवणारा वास हा त्यातल्या रसायनाचा असतो.

मात्र चित्रातल्या उघड्या फळ्या आपल्या तालुक्यात जपून. आपण कापसाचे लोक. भाव चढेल म्हणून पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, आणि देवळीत फवारणीच्या औषधाची बाटली, असे दृश्य नवे नाही. कापसाच्या किड्यांनी घरभर अंगाला खाज सुटते, धुळीने खोकला लागतो, आणि एक ठिणगी पडली तर बघायलाच नको. मोकळी खोली ठेवा म्हणणाऱ्या चित्राला हे माहीत नसते की पीक ठेवायला शेतकऱ्याकडे दुसरी जागा नाही. निदान माणसे झोपतात ती खोली आणि कापसाची खोली वेगळी करा. फवारणीचे औषध घरात नकोच. शेडमध्ये, कुलपात, मूळ बाटलीतच. थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध मुलाने प्यायल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

ज्या घरात दोन आठवड्यांहून अधिक खोकणारे माणूस आहे, तिथे खिडकी उघडणे आणि थुंकीची तपासणी ही दोन्ही कामे एकाच दिवशी करावीत. क्षयाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना एक हजार रुपये मिळतात.

त्या तरुणाने काच काढली नाही, त्याची हौस होती. त्याने बाहेरून तुराट्यांची ताटी बांधली, गच्चीला चुना दिला आणि आईची बाज उत्तरेच्या खोलीत हलवली. "फोटोत आता तसं दिसत नाही, साहेब," असे तो थोडा खट्टू होऊन सांगत होता. आई शेजारीच बसल्या होत्या. त्यांचा रक्तदाब ठीक होता.