चावी कुणाच्या हाती, हे मालकानं ठरवायचं

आपल्या परभणी जिल्ह्यात पाडव्याला आणि दसऱ्याला नवे ट्रॅक्टर मोठ्या हौसेनं दारात येतात. हार, नारळ, पेढे होतात. विक्रेत्याचा माणूस गिअर, हायड्रोलिक दाखवून निघून जातो आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर रानात. कर्जाचे हप्ते बापाच्या नावावर आणि सीटवर मुलगा, पुतण्या किंवा सालगडी. खरी अडचण इथूनच सुरू होते. चालवणारा घाईत असतो, मालक जागेवर नसतो आणि काय करायचं नाही हे कुणीच कुणाला सांगितलेलं नसतं.

मी पूर्णा तालुक्यात शेती करतो. घरचं काम आटोपलं की भाड्यानं नांगरट, रोटावेटर, मळणी हेही करतो. नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की नियम ड्रायव्हरवर सोडू नका. ते मालकानं घालायचे आणि पहिल्या दिवशीच घालायचे.

पहिला नियम ट्रॉलीत माणसं न बसवण्याचा. ४ एप्रिल २०२५ ची सकाळ आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. आमच्या तालुक्याला लागून असलेल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या, तिघांना बाहेर काढता आलं. हातावर पोट असलेल्या त्या बाया होत्या. त्या रोजानं निघाल्या होत्या तशाच आपल्या गावातल्या बाया आजही कुणाच्या ना कुणाच्या ट्रॉलीत बसतात. सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, हळद काढणी, सगळीकडे तीच पद्धत आहे.

ट्रॉली मालासाठी बनवलेली असते. तिला धरायला काही नसतं. कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकही नसतो. उलटली की सगळं वजन आतल्या माणसांवर येतं. शेतीकामाच्या विम्यात ट्रॉलीतली माणसं सहसा धरली जात नाहीत, म्हणून भरपाईचा बोजा थेट मालकावर येऊ शकतो. मडगार्डचंही तसंच. ते चाकावरचं झाकण आहे, बसायची जागा नव्हे. लाडानं लेकराला तिथं बसवून रान दाखवायला नेऊ नका. एक गचका बसला की लेकरू थेट मागच्या चाकाखाली जातं.

दुसरा नियम विहिरीचा. मराठवाड्यातल्या किती विहिरींना कठडा आहे, हे आपण सगळे जाणतो. त्यात आपली काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की तीच जमीन साबणासारखी निसरडी होते. विहिरीचा काठ वरून घट्ट दिसतो, पण आतून सुटलेला असू शकतो. म्हणून भाड्यानं दुसऱ्याच्या रानात उतरताना मी आधी त्या शेतकऱ्याबरोबर पायी एक फेरी मारतो. विहीर, बोअरचा खड्डा, पाइपलाइनचा चर, गवतात लपलेला धुरा, सगळं बघून घेतो. विहिरीच्या चारी बाजूंना लांबवर काठ्या रोवून त्यांना पांढरी चिंधी बांधतो. त्या काठ्यांच्या आत नांगरही जात नाही आणि वळणही घेतलं जात नाही. तेवढी पट्टी पडीक राहिली तर राहू द्यावी. अनोळखी रानात रात्रीचं काम तर घेऊच नये.

तिसरा नियम फिरत्या शाफ्टचा. सोयाबीनच्या सुगीत पावसाचं भय असतं, हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर पळत असतो. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या शिवारात मी होतो. ट्रॅक्टर आणि हडंब्याला जोडणाऱ्या शाफ्टची मूळ पिन कधीतरी हरवली होती, तिच्या जागी लांब बोल्ट घातला होता. बोल्टचं टोक बोटाच्या एका पेराएवढं बाहेर आलेलं. वरचं प्लास्टिकचं झाकण फुटल्यावर कुणी नवं बसवलं नव्हतं. शाफ्ट वेगात फिरत असला की ते टोक दिसतच नाही, नुसता गुळगुळीत लोखंडी दांडा दिसतो. एक गडी पलीकडचं पोतं घ्यायला त्याच्यावरून वाकला. गळ्यातल्या उपरण्याचं टोक बोल्टला लागलं आणि तो ओढला गेला. उपरणं जुनं, विरलेलं होतं म्हणून फाटलं. हात मोडला, पण जीव वाचला.

हा शाफ्ट ज्याच्यावर फिरतो त्या ट्रॅक्टरमागच्या पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. माणूस ‘अरे’ म्हणेपर्यंत कपड्याचे चार-पाच वेढे पडलेले असतात. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून शाफ्टवर झाकण हवंच, पिन मूळ मापाचीच हवी, फिरत्या शाफ्टवरून वाकायचं नाही आणि ओलांडून जायचं नाही. हडंब्यावर उपरणं, मफलर, सुटा पदर, मोकळी वेणी, हातातला दोरा यातलं काही चालणार नाही. रोटावेटरमध्ये गवत किंवा तार गुंतली तर आधी पीटीओ काढा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला, मगच खाली उतरा. उचललेल्या अवजाराखाली नुसत्या हायड्रोलिकच्या भरवशावर कधीही जाऊ नका, खाली भक्कम टेकू द्या.

पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर रुततोच. तेव्हा कुणीतरी शहाणा मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधायला सांगतो. ते कदापि करू नका. ओंडका जमिनीत अडला की चाक फिरायचं थांबतं आणि इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतो. दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. चाकापुढची माती उकरा, मागच्या मागे काढायचा प्रयत्न करा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा. ओढायची साखळी खालच्या हुकालाच लावा. टॉपलिंकला किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीला बांधली की तेच उलटणं ओढवतं. उसाची जड ट्रॉली ओढताना पुढची चाकं हलकी वाटली, स्टिअरिंग सुटल्यासारखं झालं, तर तो इशारा समजा. माल कमी करा आणि पुढे वजनं लावा.

रस्त्यावर येण्याआधी ब्रेकची दोन्ही पेडलं पट्टीनं जोडायची. रानात वळण्यासाठी ती वेगळी ठेवतात. तशीच डांबरी रस्त्यावर आणली आणि घाईत एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर जागेवर फिरून उलटतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या भरावावरून उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे बरेच दिसतात. मागे भरलेली ट्रॉली असताना तो उतार नुसत्या ब्रेकनं आवरत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा नसेल तर गाळपाच्या दिवसांत अंधार पडल्यावर ट्रॉली रस्त्यावर आणू नका, कारण मागून येणाऱ्या दुचाकीला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

आता निगा. नव्या इंजिनाला पहिले ५० तास जपायचं. फार जड काम नाही आणि तासन्‌तास एकाच वेगातही नाही. पहिली सर्व्हिसिंग साधारण ५० तासांना असते. आपल्या ट्रॅक्टरचं नेमकं वेळापत्रक सोबतच्या पुस्तिकेत असतं, ते तारखेनं नव्हे, तासमीटर बघून पाळा. एक वही ठेवा आणि तेल कधी बदललं, फिल्टर कधी बदलला, किती तासांवर, ते लिहा. वॉरंटीच्या वेळी हीच वही कामी येते.

आपल्याकडे इंजिनाचा खरा वैरी धूळ. उन्हाळी नांगरटीची बारीक माती आणि मळणीचा भुसा एअर क्लीनरमधून आत गेला की रिंगा आणि लायनर घासतात, इंजिन तेल खायला लागतं, धूर काढतं आणि खर्च हजारांत जातो. तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर धुळीच्या दिवसांत वाटी रोज उघडून बघा. तेल घट्ट झालं, तळाशी गाळ बसला, तर वाटी डिझेलनं धुऊन खुणेपर्यंत नवं तेल भरा. कोरडा कागदी फिल्टर असेल तर तो धुऊ नका आणि दगडावर आपटू नका.

बाकीचं काम सकाळच्या दहा मिनिटांचं. इंजिन गार असताना तेल आणि रेडिएटरचं पाणी बघायचं. जाळीत अडकलेला भुसा काढायचा. चाकांची हवा, नटबोल्ट, फॅन बेल्ट हातानं तपासायचे. ग्रीस पॉइंट भरायचे. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. डिझेलची टाकी संध्याकाळी भरा, म्हणजे रात्रीच्या गारव्यात रिकाम्या टाकीत पाणी धरत नाही. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. जड कामानंतर इंजिन दोन मिनिटं हळू चालू ठेवून मग बंद करा आणि अवजार जमिनीवर टेकवूनच उतरा.

शंका असल्या तर विचारायला लाजू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मे च्या स्थापना दिनी खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला रब्बी मेळावा भरतो. तिथं अवजारं असतात, माणसंही भेटतात. चालवणाऱ्या पोरालाच बरोबर न्या. आणि दुर्दैवानं काही घडलंच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लक्षात ठेवा. मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो.

पण अर्ज करायची वेळच येऊ नये, हे मालकाच्या हातात आहे. परवाना नसलेल्याला, अठरा वर्षांच्या आतल्या पोराला आणि प्यायलेल्या माणसाला चावी द्यायची नाही, मग तो सख्खा पुतण्या का असेना. मजूर बायांना रानात न्यायचं असेल तर जीप किंवा ऑटो सांगा आणि ते भाडं बियाणं-खतासारखं पिकाच्या खर्चात धरा. मजुरीचा भाव ठरवतानाच येण्या-जाण्याचंही ठरवून टाका. गावात चार मालकांनी एवढं पाळलं, तर पाचव्याला ट्रॉलीत बाया बसवायची हिंमत होणार नाही.