शेड छोटी, पण पाया?

मागच्या अंगणात सायकली आणि बागेची अवजारं ठेवायला शेड हवी असं ठरलं, की घरातले सगळे सिव्हिलवाल्याकडे बघतात. गवंडी म्हणतो, "एवढ्याशा शेडला कसला आलाय पाया? चार इंच काँक्रीट ओता!" पुण्यात हे उत्तर एका गल्लीत बरोबर, तर दुसऱ्या गल्लीत साफ चूक ठरू शकतं. कारण पाया ठरतो तो आधी जमिनीवरून.

पुणे बसाल्ट खडकावर वसलंय. टेकड्यांच्या उताराला थोडी माती काढली की मुरूम लागतो. मुळा-मुठेकाठच्या सखल भागात मात्र काळी माती सापडते. नवीन प्लॉट असेल तर राडारोड्याची भरही असते. म्हणून पहिलं काम म्हणजे पहार-फावडं घेऊन तीन फूट खणून बघणं.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाईट हे खनिज असतं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आता हिशोब करू. शेड ३ × २.४ मीटर, म्हणजे ७.२ चौ.मी. स्लॅब आणि सामानासकट वजन ५० किलोन्यूटन धरलं, तर जमिनीवर दाब येतो फक्त ७ किलोन्यूटन प्रति चौ.मी. मातीचा फुगण्याचा दाब १०० च्याही पुढे जाऊ शकतो! म्हणजे इथे शेड खचण्यापेक्षा उचलली जाण्याची भीती जास्त. हलकं बांधकाम म्हणून निर्धास्त राहायचं नाही, ते यासाठी.

शंका असेल तर लॅबमध्ये फ्री स्वेल टेस्ट करा. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळलेल्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन नमुने घ्या. एक डिस्टिल्ड वॉटरमध्ये, दुसरा रॉकेलमध्ये २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींच्या आकारमानातला फरक लगेच कळतो.

आता निवड.

१) मुरूम: वरची माती काढा, धुमस करा, दगडी सोलिंग आणि त्यावर चार इंच काँक्रीट. गवंडी इथे बरोबर!

२) भर: ती काढा किंवा थराथराने दाबून घ्या. नाहीतर एक कोपरा खचतो आणि दार अडकतं.

३) काळी माती: निदान दोन फूट माती काढून सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, चिकट पण न फुगणारा मुरूम दाबा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडलेल्या सीएनएस थराचं तत्त्व हेच आहे. वाळू भरू नका, तिच्यातून पाणी सरळ खाली जातं. वर जाळी घातलेला एकसंध स्लॅब टाका, म्हणजे थोडी हालचाल झाली तरी शेड एकत्र हलेल. विटांच्या भिंतींना मात्र तडे जातील. त्यांच्यासाठी अंडर-रीम्ड पाईल असतात, पण साधारण साडेतीन मीटर खोल पाईल शेडला कोण घालणार? तिथे पत्र्याचीच शेड बरी.

शेवटी वारा. आयएस ८७५ प्रमाणे पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मी./सेकंद. दाब ०.६ × ३९² म्हणजे सुमारे ९१० न्यूटन प्रति चौ.मी. ढोबळमानाने छपरावर साडेसहा किलोन्यूटन ओढ येते. रिकामी पत्र्याची शेड त्याहून हलकी! चार इंची स्लॅबचं वजन मात्र १८ किलोन्यूटन. म्हणून शेड स्लॅबला अँकर बोल्टने पक्की करा, नाहीतर वळवाच्या वादळात ती शेजाऱ्यांकडे जाईल.

जोतं सहा इंच वर ठेवा, पागोळ्यांचं पाणी चराने लांब न्या. आणि काँक्रीटची गाडी बोलावण्याआधी खड्डा नक्की खणा. एका सकाळचं काम आहे, पण सगळा निर्णय त्यातच आहे.