कळप आणि कापूस

आष्टी, जि. बीड

चि. भाच्यास,

संध्याकाळी उड्या मारणारं कोकरू सकाळी वाडग्यात मरून पडलं, हे तू फोनवर सांगितलंस. गावात कुणी नजर म्हणतं, कुणी साप. ते सोड. आदल्या दोन दिवसांत कळप कुठं चरला, ते आधी आठव. तूच बोलता बोलता म्हणालास, नुकतीच मळणी झालेल्या सोयाबीनच्या रानात होता म्हणून.

मला आंत्रविषाराचा संशय येतो. खात्री डॉक्टर शवविच्छेदन करूनच देतील. अचानक भरपूर दाणा किंवा कोवळा लुसलुशीत चारा पोटात गेला की आतड्यातलेच जंतू झपाट्यानं वाढतात आणि विष तयार करतात. म्हणून अंगानं सगळ्यात भरलेलं कोकरू आधी जातं. यावर औषधापेक्षा लस खरी. पावसाळ्याआधी टोचायची, पहिल्यांदा असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. आणि खळ्याच्या रानात शिरण्याआधी कळपाला कडबा खाऊ घाल, पहिल्या दिवशी थोडाच वेळ थांब. मेलेलं कोकरू कुणाला खायला देऊ नकोस; चुना टाकून खोल पूर.

पाण्याअभावी कोमेजलेल्या, खुरटलेल्या ज्वारीचे पोंगेही टाळ. त्यात विष असतं, मेंढी धापा टाकत कोसळते. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नकोस, पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 ला फोन लाव.

आता कापसाचं. तू पऱ्हाटीच्या रानात मेंढ्या घालायला संकोचतोस, मालक काय म्हणेल म्हणून. अरे, मालकानंच तुला बोलवायला हवं! 2017 साली गुलाबी बोंडअळीनं राज्यभर बीटी कापूस पोखरला, आपल्या जिल्ह्यानंही ते भोगलं. ही अळी किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडात, सरकीत दडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन उठते. वेचणीनंतरही पाणी देऊन मार्चपर्यंत पीक फरदड म्हणून ठेवलं की तिची आयतीच सोय होते. शेवटची वेचणी झाली की मेंढ्या सोडा, असं कृषी शास्त्रज्ञही सांगतात. मेंढी पाला खाते, राहिलेली बोंडं खाते, त्यांच्यासोबत अळीही जाते. नंतर पऱ्हाटी उपटून बारीक करायची. बांधावर रचून ठेवली तर केलेलं वाया जातं.

मालकाशी बोलताना हे सगळं सांग, आणि रात्री कळप तिथंच बसवणार असशील तर लेंडीखताचा मोबदला आधी ठरव. भीक मागायला जात नाहीस तू, त्याच्या रानाचं काम करतोस. पण शेवटची फवारणी कधी झाली, कोणत्या औषधाची, हे त्याच्याकडून कळल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. डब्यावर लिहिलेली मुदत वाच. त्यानं उडवाउडवी केली तर ते रान सोडून दे, चारा कितीही दिसो.

एक वही कर. तारीख, रान, काय खाल्लं, कोण आजारी पडलं. डॉक्टर आले की तीच पुढं कर. निम्मं निदान त्यातच सापडेल. लसीकरणाच्या दिवशी शेजारच्या कळपवाल्यांनाही बोलव, पाणवठा तुमचा एकच आहे. मे महिन्यात मी येतो, तेव्हा दोघं मिळून ठरवू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा