डोक्यावरील आघात

रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रोग्यांची नोंदवही ही एका अर्थीं त्या प्रदेशाच्या राहणीचा आरसाच होय. मेंदूस इजा झालेल्या रोग्यांच्या निरनिराळ्या देशांतील नोंदी ताडून पाहिल्यास हें सहज ध्यानांत येतें. युरोपांतील संपन्न देशांत वृद्धांची संख्या मोठी. म्हणून तेथें घरांत पडून डोकें आपटलेल्या वृद्धांचा भरणा अशा रोग्यांत वाढत चालला आहे. आपल्या देशांत मात्र, बंगळूरच्या निमहान्स संस्थेंतील अभ्यासकांनीं दाखविल्याप्रमाणें, अशा सुमारें ६० टक्के इजा रस्त्यांवरील अपघातांत होतात.

थेरगांवच्या आम्हां रहिवाशांस याचें कारण दूर शोधावयास नको. पवनाकांठचें हें शेतकऱ्यांचें गांव आतां उद्योगनगरींत सामावलें आहे. भोसरी, चाकण, हिंजवडी येथें कामास जाणारे कितीतरी लोक डांगे चौकांतून मोटारसायकलीवर ये-जा करितात. मोटारींत बसणाऱ्याभोंवतीं पत्र्याचें कवच असतें. दुचाकीवाल्यास तें नसतें. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर मृत्यु पावलेल्या १,६८,४९१ लोकांपैकीं सुमारें ४४ टक्के दुचाकीवर होते.

मेंदू सुमारें १४०० ग्रॅम वजनाचा व अत्यंत मऊ असून कवटींतील द्रवांत तरंगत असतो. डोकें आपटून एकाएकी थांबलें, तरी आंतील मेंदू पुढें जातो व कवटीवर आदळतो. हेल्मेटाचा आंतील थर चेपला जाऊन हा धक्का सौम्य करितो. १९३५ सालीं इंग्लंडांत टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध योद्धा मोटारसायकलीवरून पडून मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं ह्यू केर्न्स या शस्त्रवैद्यानें पुढें या प्रश्नाचा अभ्यास करून १९४१ सालीं हेल्मेटाचें महत्त्व दाखविलें. त्यानंतरच्या ६१ अभ्यासांचा एकत्र विचार करितां, हेल्मेटामुळें डोक्याच्या इजेचा धोका सुमारें ६९ टक्क्यांनीं व मृत्यूचा ४२ टक्क्यांनीं कमी होतो असें आढळलें.

परंतु हेल्मेट कोणाच्या डोक्यावर असतें? २०२२ सालीं हेल्मेटावांचून जे ५०,०२९ लोक दगावले, त्यांत १४,३३७ मागें बसलेले होते. वडील हेल्मेट घालतात आणि पाठीमागें दप्तर घेऊन बसलेलें मूल उघड्या डोक्यानें शाळेंत येतें, हें दृश्य आम्ही नित्य पाहतों. चार वर्षांवरील प्रत्येकानें हेल्मेट घालावें, असें कायदाही सांगतो. पट्टा न आवळलेलें हेल्मेट मात्र पडतांना डोक्यावर राहत नाहीं.

आणखी एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. डोक्यास मार लागलेला मनुष्य कधीं कधीं प्रथम नीट बोलतो, आणि आंत रक्तस्राव चालू असल्यास कांहीं तासांनीं बेशुद्ध होतो. वांत्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणें किंवा दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणें, यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास "झोपला म्हणजे बरें वाटेल" असें म्हणूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शस्त्रवैद्य कितीही कुशल असला, तरी मेंदूचा नष्ट झालेला भाग त्यास परत देतां येत नाहीं. सबब रुग्णालयाची नोंदवही बदलावयाची, तर आरंभ घराच्या उंबरठ्यावरच केला पाहिजे.