४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येची परीक्षा

ही संख्या चार अब्ज एकोणतीस कोटि एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्त्याण्णव अशी वाचावी. २ हा अंक बत्तीस वेळां मांडून गुणाकार केला व त्यांत १ मिळविला म्हणजे ती येते.

२, ४, १६, २५६, ६५,५३६ या ओळींत प्रत्येक संख्या मागील संख्येचा वर्ग आहे. प्रत्येकींत १ मिळविला असतां ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या मिळतात, आणि त्या पांचही मूळ संख्या आहेत. यावरून फ्रान्समधील तुलूझच्या न्यायसभेचा सदस्य फर्मा यानें इ. स. १६४० मध्यें असें मत दिलें कीं, ही ओळ कितीही लांबविली तरी मूळ संख्याच मिळतील. सिद्धता आपणांपाशीं नाहीं हें मात्र त्यानें लपविलें नाहीं. पांच उदाहरणें जुळलीं म्हणून सहावें जुळेलच, असें गणितांत म्हणतां येत नाहीं; आणि सहावी संख्या म्हणजेच आमची ही संख्या.

ती तपासावी कशी? शेवटीं ७ असल्यामुळें २ व ५ यांनीं भाग जात नाहीं. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेंही नाहीं. परंतु असेंच पुढें जाऊं लागलों तर ६५,५३६ च्या आंत ६,५४२ मूळ संख्या आहेत! इतके भागाकार करण्यास कोण बसेल? युलर यानें श्रम वांचविणारा नियम शोधिला : या संख्येच्या कोणत्याही मूळ भाजकास ६४ नें भागल्यास बाकी १ च उरते. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारींनीं भाग जात नाहीं. पांचवीनें निःशेष जातो, व भागाकार ६७,००,४१७ येतो. इ. स. १७३२ मध्यें युलरनें हें दाखविलें, तेव्हां तो पंचवीस वर्षांचा होता.

भागाकार न करितांही हें सिद्ध होतें, व ती रीत आम्हांस विशेष आवडते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ नें भागतांना ६४० च्या ऐवजीं उणे १ धरतां येतो. म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. परंतु हाच चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. ६२५ हे ६४१ हून १६ नें कमी, म्हणून त्यांच्या जागीं उणे १६ धरावे. १६ हा २ चा चौथा घात. तो अठ्ठाविसाव्यास मिळाला कीं बत्तिसावा होतो. तेव्हां उणे २ चा बत्तिसावा घात आणि १ यांची बाकी एकच. अर्थात् २ च्या बत्तिसाव्या घातांत १ मिळविला असतां ६४१ नें पूर्ण भाग गेलाच पाहिजे. विद्यार्थ्यांनीं हें कागदावर मांडून पाहावें. ज्या पालकांची आंकडेमोडीची संवय सुटली असेल त्यांनींही शेजारीं बसावें.

यापुढील संख्या वीस अंकी आहे. लांद्री यानें इ. स. १८८० मध्यें तिचा भाजक शोधून काढला : २,७४,१७७. तेथें ६४ च्या जागीं १२८ घ्यावे, आणि बाकी काय उरते तें पाहावें. ६५,५३७ च्या पुढें या ओळींत एकही मूळ संख्या आजवर सांपडलेली नाहीं.