ओल रंगाखाली झाकावी का?

प्रश्न : ठाण्यातला आमचा 28 वर्षांचा जुना फ्लॅट विकायला काढलाय. बेडरूमच्या भिंतीला खालून ओल येते. एजंट म्हणतो, ‘ताई, पुट्टी मारून रंग लावून टाका, कोण विचारतंय?’ चालेल का?

उत्तर : चालेल, फार तर पंधरा दिवस. ओल्या भिंतीवरची पुट्टी आधी फुगते, मग बोट लावलं की पिठासारखी गळते. हल्ली घेणारेही कपाट सरकवायला लावतात आणि टाइलवर नाण्याने टकटक करतात. बद्द आवाज आला की भाव पडलाच म्हणून समजा.

शिवाय कायदा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, तुम्हाला ठाऊक असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो लपवणं ही फसवणूक ठरते. उघडी ओल त्याला दिसतेच. पुट्टीखालची तुम्हालाच ठाऊक.

तेव्हा आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. हातभर प्लॅस्टिक भिंतीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी आतून थेंब दिसले तर पाणी भिंतीतलं, वरून दिसले तर खोलीतल्या दमट हवेचं. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नहाणीचं तोंड घट्ट बंद करून दोन इंच पाणी भरा, पातळीला पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. (खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री बारा वाजता बेल वाजेल!) पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं, तर दुखणं बाथरूमचं आणि खर्च तुमचा. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं किंवा सामाईक पाइपातून गळत असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे ती दुरुस्ती सोसायटीची. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्याच उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. त्या अहवालाचीही प्रत मागा.

वॉटरप्रूफिंग केलंत तर बिल जपा, भिंत नीट सुकू द्या, मग रंग लावा. तोवर कुणी घर बघायला आलं तर ओल दाखवा आणि दुरुस्तीचा अंदाजी खर्च भावातून वजा करा. करारनाम्यातही एका ओळीत तसं लिहा. त्यावर सही एजंटची नसते, तुमची असते.